दहापैकी तीन

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून कागदावर मनसोक्त घालून घेतो.)

तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी करत नाही, कारण मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की उजवा ‘आपलं काम करतोय’, आणि तुझ्या हातून एवढं प्रशस्तिपत्र मिळालेल्या अवयवाची काळजी करण्याचं कारण नाही. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? वरच्या मजल्यावरचे बासरी शिकणारे गृहस्थ अजून शिकतच आहेत, की तू त्यांना जिन्यात गाठून बोललीस? (बोलली असशील तर त्यांना माझी सहानुभूती कळव.) आम्ही सगळे बरे आहोत. ‘छान आहोत’ असं लिहिणार होतो, पण ते वाचून तू लगेच फोन करून विचारलं असतंस की नेमकं काय लपवतोयस. तेव्हा बरे आहोत. तुझ्या सूनबाईची पाठ अधूनमधून धरते, लेक परीक्षेच्या गडबडीत आहे, आणि माझं म्हणशील तर मी गेल्या महिन्यात दहापैकी तीनवरून दहापैकी नऊवर गेलो आणि त्यापायी माझी अठरा वर्षांची अब्रू धोक्यात आली. तेच सविस्तर लिहायला बसलोय. सात महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. तो राग आधी पूर्ण करून घे आणि मग पुढे वाच.

आमचे जुने मालक निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले, हे तुला कळवलं होतं की नाही ते आठवत नाही. फार भला माणूस. आमची दातांची लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. एका कडेला प्लास्टरचं टेबल, दुसऱ्या कडेला मेणाचं, खिडकीतून समोरच्या इमारतीचं पार्किंग. नऊ दंतवैद्य आपल्या रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही अकराजण ती प्लास्टरमध्ये ओततो, मेणात एकेक दात बसवतो, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी शिजवतो, घासतो आणि तयार कवळी डब्यात घालून परत पाठवतो. माणूस आम्हाला कधी समोर दिसत नाही, डब्यावरचा नंबर दिसतो. तर हे मालक माझी कवळी खिडकीच्या उजेडात धरायचे, उलटीसुलटी करायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे, डब्यात ठेवायचे आणि पुढचा डबा उघडायचे. बास. अठरा वर्षांत याउपर एक अक्षर नाही. आणि आत्या, मी तेवढ्यावर सुखी होतो! कारण मी तुझ्या क्वार्टरमध्ये शाळेची सात वर्षं काढली आहेत. तू मेट्रन असताना एखाद्या नव्या नर्सने खाट लावली की चादरीचा कोपरा चिमटीत धरून बघायचीस आणि म्हणायचीस, ‘चल पुढच्या खाटेकडे.’ ती पोरगी डोळ्यांत आनंदाश्रू घेऊन पुढच्या खाटेकडे पळायची. ज्यांना खाट जमली नाही त्यांना मात्र तू अर्धा तास समजावून सांगायचीस. त्यामुळे माझी लहानपणापासून ठाम समजूत आहे की माणूस आपल्याशी जास्त बोलायला लागला, म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय.

लॅब एका कंपनीने विकत घेतली आणि मालकांच्या जागी आल्या नव्या बाई. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, शिकलेल्या, हसतमुख. त्या ज्या घरात वाढल्या तिथे म्हणे मुलाने कागदावर एक रेघोटी ओढली की सगळे हातातली कामं टाकून टाळ्या वाजवतात आणि रेघोटी भिंतीवर लावतात. (आपल्याकडे रेघोटी भिंतीवर ओढली तरच कुणाचं लक्ष जायचं, आणि ते कशा प्रकारचं असायचं ते तुला ठाऊक आहे.) पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली कवळी बघून ‘अप्रतिम!’ म्हटलं. मी घाबरून ती परत घेतली आणि तासभर तपासत बसलो. दुसऱ्या दिवशी त्या प्लास्टरच्या पोत्यालाही ‘सुंदर’ म्हणाल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी बाईंनी जाहीर केलं की कवळी विभागाला एक प्रमुख नेमायचा आहे. उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा चकाकी. चकाकी म्हणजे आमच्याकडे शेवटचं पॉलिश करणारा गडी. कवळीला सात हात लागतात, पण सगळ्यात शेवटी ती याच्या हातात असते, त्यामुळे दारात आलेल्या डॉक्टरला तो ‘ही मी केली’ असंच सांगतो. आता मला पदाचा सोस नाही हे तू जाणतेस. (तू जाणत नसशील तर सूनबाईला विचार, ती यावर पुष्कळ बोलते.) पण चकाकीचा बेत मला कळला होता. त्याला सगळ्यांना एकाच साच्याचे, एकाच पांढऱ्या रंगाचे, पट्टीने आखल्यासारखे दात द्यायचे होते. काम झटपट, डबे भराभर रिकामे. आणि मी काय करतो, तर डॉक्टरांकडून त्या माणसाचा जुना फोटो मागवतो. पूर्वी त्याचा एक दात किंचित तिरका असेल तर कवळीतही तो किंचित तिरका बसवतो. केसभरच. पण तेवढ्याने माणूस आरशात बघतो तेव्हा त्याला तोच दिसतो, भलताच कुणी नाही. हे काम मला आवडतं, आत्या. आणि तेच आता बंद होणार होतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी स्पर्धेत उतरलो.

स्पर्धा म्हणजे एक फॉर्म. त्याचं नाव स्वयंमूल्यमापन. कौशल्य, अचूकता, जबाबदारी असे दहा रकाने, आणि प्रत्येकात स्वतःला दहापैकी गुण द्यायचे. मी दोन दिवस विचार केला आणि सगळीकडे तीन लिहिले. (जबाबदारीत चार लिहिले होते, पण फार वाटले म्हणून खोडले.) आता तू म्हणशील, मूर्खा, तीन? पण यात माझं गणित होतं. आपल्या घरात कसं चालतं? आपण म्हणायचं, ‘छे, कसलं काय, जेमतेम तीन.’ समोरच्याने म्हणायचं, ‘काहीतरीच काय, आठ तरी!’ आपण कानाला हात लावून म्हणायचं, ‘आठ? फार तर पाच.’ तो म्हणतो, ‘बरं, सात, पण त्याच्या खाली मी ऐकणार नाही.’ असं करत करत गाडी सातावर थांबते, दोघांचाही मान राहतो आणि कुणी स्वतःची टिमकी वाजवलेली नसते. म्हणजे मी बाईंना वर न्यायला चांगली ऐसपैस जागा ठेवली होती. चकाकीने सगळीकडे दहा लिहिले आणि ‘इतर’ या रकान्यात अकरा.

बाईंनी वर नेण्याऐवजी सरळ बेरीज केली. मग मला आत बोलावलं, दार लावलं आणि कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मला वाटलं नाकाला प्लास्टर लागलंय, म्हणून मी एक घेऊन नाक पुसलं. त्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या की रडलात तरी चालेल. मग पाऊण तास त्या मला समजावत होत्या की मी एक मौल्यवान माणूस आहे. माझी दातखीळच बसली (धंद्याला शोभेलशी). एवढा वेळ समजावलं म्हणजे माझं काम फारच बिघडलं असणार, अशी माझी खात्री होत गेली आणि माझा चेहरा जितका पडत गेला तितक्या त्या आणखी समजावत गेल्या. शेवटी माझ्या हातात एक चिठ्ठी आली. मला तीन दिवसांच्या आत्मसन्मान शिबिराला पाठवण्यात येत होतं. भरपगारी.

शिबिर एका मोठ्या खोलीत होतं. खुर्च्या गोलात मांडलेल्या, त्यामुळे लपायला मागची रांगच नाही. शिकवणारे सर दर वाक्याला टाळ्या वाजवायला लावायचे. मी नाव सांगितलं, टाळ्या. खुर्ची मागे सरकवली, टाळ्या. पहिल्या दिवशी आरशाचा पाठ होता. एकेकाने आरशासमोर उभं राहून तीन चांगल्या गोष्टी मोठ्याने सांगायच्या. मी गेलो आणि सवयीने आधी स्वतःचे दात बघितले. खालचा सुळा झिजलाय, बाकी काही सांगण्यासारखं नाही. मागे वीस माणसं श्वास रोखून उभी. मी म्हणालो, आरसा स्वच्छ आहे, चौकट अगदी सरळ लावली आहे, आणि उजेड डावीकडून घेतलाय तो योग्य आहे. सर टाळ्या वाजवायला विसरले.

दुसऱ्या दिवशी जोड्या पाडल्या. एकाने दुसऱ्याची स्तुती करायची आणि दुसऱ्याने फक्त ‘धन्यवाद’ म्हणायचं. याला ते सोपा पाठ म्हणत होते! माझ्या वाट्याला लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तेही दहापैकी तीनवालेच. (त्यांनी खरं तर अडीच लिहिले होते. माणूस पाहताक्षणी आवडला.) मी म्हणालो, तीस वर्षांत तुमची एकही लिफ्ट अडकली नाही, कमाल आहे. ते म्हणाले, छे हो, लिफ्टच चांगल्या असतात, मी आपला तेल घालतो. मी म्हणालो, तसं नाही, तेल घालण्यातही ज्ञान लागतं. ते म्हणाले, ज्ञान तुमच्या कामात, तुम्ही लोकांना चावायला दात देता. मी म्हणालो, चावतात ते स्वतः, मी नुसता मेणात दात रोवतो, ते कुणीही रोवेल. तेव्हा त्यांना चेव आला. ते म्हणाले की एकदा दुरुस्ती करताना ते स्वतःच लिफ्टमध्ये अडकून बसले होते. मीही मागे हटलो नाही. मी सांगितलं की एकदा मी वरची कवळी एका डॉक्टरकडे आणि खालची दुसऱ्याच डॉक्टरकडे पाठवली होती. ते उभे राहिले. मीही उभा राहिलो. आवाज चढले. आपल्यापेक्षा समोरचा जास्त कुचकामी असूच शकत नाही, हे सिद्ध करण्यासाठी दोन प्रौढ माणसं हमरीतुमरीवर आली, आणि सरांना शिट्टी वाजवावी लागली. नंतर आम्ही दोघांनी चहा घेतला. आमचं छान जमलं. ‘धन्यवाद’ शेवटपर्यंत कुणीच म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र काय झालं कोण जाणे. कदाचित थकव्याने असेल, पण सरांचं म्हणणं मला पटायला लागलं. त्यांनी गृहपाठ दिला की घरी जाऊन रोज एक चांगली गोष्ट स्वतःबद्दल मोठ्याने बोला. मी घरी गेलो, बूट काढले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, ‘आज मी फार सुंदर काम केलं.’ सूनबाईने गॅस बंद केला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. लेक आतून बाहेर आली आणि विचारलं, ‘बाबा, नोकरी गेली का?’ मी दोघींना समजावलं की आता आपल्या घरात असंच बोलायचं. सूनबाई म्हणाली, बरं, मग मीही बोलते, आणि गेल्या बावीस वर्षांत तिने जे जे चांगलं केलं आणि जे माझ्या लक्षात आलं नाही त्याची यादी सुरू केली. ती अजून चालू आहे. यादी बरोबर आहे, आत्या, त्यातलं एकही कलम खोटं नाही, हे मी इथे कबूल करतो. (हे वाक्य तिला दाखवणार आहे.)

शिबिरानंतर बाईंनी पुन्हा तोच फॉर्म दिला. या वेळी मी छातीवर दगड ठेवून सगळीकडे नऊ लिहिले. दहा लिहवले नाहीत, कारण दहा म्हणजे चकाकी झालो असतो. बाई आनंदाने उभ्या राहिल्या. त्यांनी शिबिराच्या सरांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. सरांनी माझा फोटो मागवला आणि आपल्या माहितीपत्रकात छापला, खाली ‘आधी तीन, नंतर नऊ’. इथपर्यंत ठीक होतं. पण दोन दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं की माणूस दोन आठवड्यांत नवाचा झाला, तर त्याआधी तो खरोखरच तीनचा असणार. म्हणजे अठरा वर्षं लोकांच्या तोंडात दहापैकी तीन दर्जाच्या कवळ्या बसल्या आहेत! बाई अत्यंत प्रामाणिक. त्यांनी तडक नऊच्या नऊ डॉक्टरांना पत्रं पाठवली की आमच्या कारागिराने पूर्वीच्या कामाबद्दल स्वतःच शंका व्यक्त केली आहे, तरी कुणा रुग्णाला त्रास झाला असल्यास कळवावं. हे मला चकाकीने सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा त्याने पॉलिश केलेल्या कोणत्याही कवळीपेक्षा जास्त चमकत होता. माझी पाचावर धारण बसली. नम्रतेपायी माणूस चौकशीत सापडल्याचं तू कधी ऐकलंयस का? मी तोंडघशी पडलो होतो, आणि तेही स्वतःच्या हाताने तीन लिहून.

आठवडाभरात उत्तरं आली. नऊ डॉक्टर, नऊ पत्रं, आणि सगळ्यांत एकच मजकूर: ‘तक्रार नाही.’ ती पत्रं मी वाचली तेव्हा मला भरून आलं. अठरा वर्षं, हजारो जबडे आणि तक्रार नाही! आपल्या माणसांकडून यापेक्षा मोठं काय मिळणार? एका वृद्ध डॉक्टरांनी तर ‘विशेष तक्रार नाही’ असं लिहिलं होतं, म्हणजे ते अगदीच भावनावश झाले असावेत. पण बाई पत्रं घेऊन माझ्याकडे आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. त्यांना ते नऊ थंड, तुटक, नाराज माणसांचे कागद वाटत होते. विशेष नाही म्हणजे साधी आहे का, असंही त्यांनी विचारलं.

त्याच दुपारी मी कप विसळायला गेलो, तर बाई चहाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्याकडचे कागदी रुमाल संपले होते. मी शेपूट घालून परत फिरणार होतो, पण त्यांनी पाहिलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. चार महिने झाले, त्या रोज प्रत्येकाला काहीतरी चांगलं म्हणतात, आणि अकराजणांपैकी एकानेही त्यांना आजवर एक चांगला शब्द म्हटलेला नाही. फक्त चकाकी म्हणतो, पण तो तर त्यांच्या छत्रीचीही स्तुती करतो. त्यांना वाटत होतं की आम्हाला त्या नकोशा झाल्या आहेत. रोज सकाळी जिना चढताना त्यांना परत जावंसं वाटतं. आत्या, मला फार वाईट वाटलं. एवढी हुशार बाई, आणि टाळी ऐकू आली नाही तर तिला आपण आहोत की नाही तेच कळेना. मग वाटलं, आपण तरी काय वेगळे? तिला टाळीवाचून चैन नाही, आपल्याला टाळीची धास्ती. पण आपण कोण आहोत ते बघायला दोघंही दुसऱ्याच्याच तोंडाकडे बघत बसतो.

मी कप खाली ठेवला आणि त्यांना आपल्याकडचा हिशोब समजावला. म्हटलं, बाई, इथे ‘तक्रार नाही’ म्हणजे तुमच्याकडचं ‘अप्रतिम’. ‘ठीक आहे’ म्हणजे ‘उत्कृष्ट’. आणि कुणी काहीच न बोलता पुढचं काम तुमच्या हातात दिलं, तर त्या दिवशी घरी जाताना पेढे... (बरं, जाऊ दे, चहा घ्यावा.) मग मी त्यांना तुझी खाटेची गोष्ट सांगितली. माफ कर, विचारलं नाही. त्या डोळे विस्फारून ऐकत होत्या. नंतर त्यांनी विचारलं की माझ्याबद्दल लोकांचं काय मत आहे, खरं सांगा. मी जरा विचार केला. म्हटलं, तुम्ही आल्यापासून माणसं तुमच्यासमोर आपापसांत भांडतात. जुन्या मालकांसमोर कधी भांडली नव्हती. मेणाच्या टेबलावरचे म्हातारबुवा तुमच्या खोलीत चष्मा विसरतात, रोज. आणि परवा तुम्ही आजारी होतात तर तिघांनी मला विचारलं की ही बाई कुठे मेली. बाई एवढ्या हसल्या, की म्हातारबुवा चष्मा घ्यायला आले ते दारातूनच परत गेले. त्यानंतर मी डोळे मिटून, शिबिरातल्या सरांचं स्मरण करून, म्हणालो, ‘तुम्ही चांगल्या आहात.’ चार शब्द नाहीत आत्या, तीनच, पण घाम फुटला. त्या म्हणाल्या, ‘धन्यवाद.’ किती सहज! लिफ्टवाल्यांना सांगायला हवं.

तर आता माझी चौकशी मिटली आहे, पण पदाचा निकाल बाकी आहे. बाईंच्या वर जे बसतात त्यांचा नियम असा, की प्रमुख नेमायच्या आधी त्याचं काम किमान पाच वर्षं वापरलेल्या एका माणसाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून द्यावी. शुक्रवारपर्यंत. चकाकीने आपल्या मेहुण्याकडून दोन पानं आणली आहेत. (मेहुण्याचे सगळे दात शाबूत आहेत, पण ते कोण बघतं?) डॉक्टर रुग्णांची नावं देत नाहीत, ते बरोबरच आहे. आणि मला माझ्या डब्यांवरचे नंबरच तेवढे ठाऊक. असो. तुला उगाच माझ्या कटकटी कशाला. मी अगदी मजेत आहे.

थंडी वाढली तर गुडघ्याला गरम पट्टी बांध आणि जिना एका दमात चढू नकोस. सूनबाई आणि लेक यांचे नमस्कार. माझ्या अक्षराबद्दल तू जे म्हणणार आहेस ते म्हणून झालं असं समजून माझ्यावर लोभ ठेव.

तुझा,
भाचा

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली, अगदी किरकोळ. अकरा वर्षांपूर्वी मी तुला कवळी करून दिली होती. नर्सिंगच्या दिवसांतला तुझा फोटो समोर ठेवून वरचा डावा सुळा केसभर बाहेर घेतला होता. तू ती घातलीस, आरशात बघितलंस आणि म्हणालीस, ‘निघ आता, बस चुकेल तुझी.’ बसला दीड तास होता. अकरा वर्षांत तू कवळीबद्दल चकार शब्द काढलेला नाहीस. ती बसते का? टोचते का? वापरतेस तरी का, की नुसती पेल्यात ठेवतेस? तर सोबत एक कोरा कागद आणि पत्ता घातलेलं पाकीट जोडलं आहे. एक ओळ लिही. सुधारणांची यादी नको, ती वेगळ्या कागदावर चालेल. आणि फार स्तुती करू नकोस, नाहीतर ते अक्षर तुझं आहे यावर माझाच विश्वास बसणार नाही.

ता. क. २. वरचं सगळं सूनबाईने वाचलं. तिच्या मते लिफ्टवाल्यांनी मला भांडणात हरवलं होतं आणि मी ते लपवलं आहे. खरं आहे. त्यांचे अडीच होते, माझा टिकावच लागला नसता. ती असंही म्हणते की एवढं मोठं पत्र लिहिण्यापेक्षा फोन करून सरळ विचारायचं. मी तिला म्हटलं, तू आत्याला ओळखत नाहीस. ती म्हणाली, मी तुम्हाला ओळखते.

ता. क. ३. पत्र टाकायचं धाडस होईना, ते सहा दिवस कोटाच्या खिशातच राहिलं. दरम्यान शुक्रवार होऊन गेला. बाईंनी डॉक्टरांची नऊ पत्रं वर पाठवली, सोबत त्यांचा अर्थ समजावणारी आपली चार पानं जोडली, आणि कालपासून मी विभागप्रमुख आहे. चकाकी माझ्या हाताखाली आहे आणि आज सकाळी त्याने माझ्या बुटांची स्तुती केली. तिरके दात तिरकेच राहणार. म्हणजे ऑफिसला आता तुझ्या ओळीची काही गरज उरलेली नाही. तो नियम संपला, ती मुदत संपली.

आत्या, ओळ तेवढी पाठव. मी पन्नाशीला आलो तरी मला ती हवी आहे. कुणाला दाखवणार नाही.